ऑक्सिजन सेन्सर काढावा का?

प्रश्न : माझ्या आयात केलेल्या ट्रायम्फ बॉनव्हिलला (८६५ सीसी, इंजेक्शन) मोकळे सायलेन्सर बसवले. थ्रॉटल सोडताच फटफट आवाज येतो. सेन्सरची वायर काढली तर भागेल का?

उत्तर : नुसती वायर काढू नका. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) दोष नोंदवून इंजिनचा दिवा लावील, हवा-पेट्रोलचे मिश्रण मात्र जुन्या मॅपप्रमाणेच (कधी किती पेट्रोल द्यायचे याच्या तक्त्याप्रमाणेच) राहील. आधी सायलेन्सरचे जोड तपासा. तिथून हवा शिरली तरी असाच आवाज येतो, आणि अनेकदा दुखणे तिथेच असते.

सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि संथ, एकसारख्या वेगात मिश्रण १४.७:१ (हवा:पेट्रोल, वजनाने) कडे खेचतो. त्यामुळे तुम्ही वाढवलेले पेट्रोल त्या टप्प्यात तो पुन्हा कापतो. पूर्ण थ्रॉटलला त्याचे काही चालत नाही. तिथे फक्त मॅप.

मॅप तुमच्या सायलेन्सर आणि एअरबॉक्सला (हवेच्या फिल्टरच्या पेटीला) जुळणाराच निवडा. मूळ फाइल जपून ठेवा. मॅप भरताना बॅटरीला चार्जर लावा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊ शकतो. नंतर अ‍ॅडॅप्टेशन (ईसीयूने स्वतः शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या) रिसेट करा. सेन्सर बंद करायचाच असेल तर ट्यूनईसीयू या मॅप भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरपुढची टिकखूण काढा, मगच प्लग सोडवा. मात्र मिश्रणात पेट्रोल जास्त राहिले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापून खराब होतो आणि पीयूसीत गाडी अडकते. रस्त्यावरच्या गाडीला सेन्सर चालूच ठेवावा.