डोस तोच, मग साखर का चढते?

प्रश्न : माझे वय ६१ असून मी अकोल्यात राहते. गेली सात वर्षे मी ३०/७० प्रकारचे (३० टक्के जलद आणि ७० टक्के संथ) मिश्र इन्सुलिन बाटलीतून सिरिंजने घेत आहे. सकाळी २४ युनिट आणि रात्री जेवणाआधी १६ युनिट. उपाशीपोटीची साखर १३० ते १५० असायची, ती गेल्या तीन आठवड्यांपासून २२० ते २८० येते. मध्यंतरी एका दुपारी आमरस काढता काढता तपासली तर ४१० आली आणि घरातले सगळे घाबरले. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिली तर १९० होती. खाणे आणि चालणे पूर्वीसारखेच आहे. इंजेक्शन पोटावर नाभीच्या उजव्या बाजूला घेते, कारण तिथे टोचलेले कळतही नाही. इन्सुलिन आता मला लागू पडेनासे झाले आहे का? रात्रीचा डोस मीच चार युनिटांनी वाढवावा का?

उत्तर : रात्रीचा डोस स्वतःहून वाढवू नका. इन्सुलिन लागू पडत नाही असे म्हणण्याआधी, तुम्ही घेता तेवढे इन्सुलिन खरोखर रक्तापर्यंत पोहोचते आहे का, हे पाहावे लागेल. आणि त्या दृष्टीने तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट साखरेचे आकडे नसून ‘टोचलेले कळतही नाही’ ही आहे. एकाच जागी वर्षानुवर्षे सुई टोचत राहिल्यास त्वचेखालची चरबी वाढून तिथे गाठ किंवा जाडसर थर तयार होतो. तिथली संवेदना कमी झाल्यामुळे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. अशा जागेतून इन्सुलिन किती आणि केव्हा शोषले जाईल याचा भरवसा राहत नाही. एके दिवशी साखर चढलेली असते, तर दुसऱ्या दिवशी ती अवेळी घसरते. गाठ नेहमी डोळ्यांना दिसते असेही नाही. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने नाभीच्या दोन्ही बाजू चाचपून पाहा, आणि उजवीकडचा भाग जाड, रबरासारखा लागला तर डॉक्टरांना दाखवा. (दवाखान्यात रिपोर्ट बारकाईने पाहिले जातात, पोट पाहायचे मात्र राहून जाते, हा दोष आम्हा डॉक्टरांचाच.)

जागा बदलणे आवश्यक असले, तरी ते डॉक्टरांशी बोलूनच करावे. गाठीतून अर्धवट शोषला जाणारा डोस चांगल्या जागेतून पूर्ण शोषला गेला की साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, म्हणून अशा वेळी डोस अनेकदा कमी करावा लागतो आणि पहिले काही दिवस साखर अधिक वेळा तपासावी लागते. त्यानंतर पोटाच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांचा बाहेरचा भाग आलटूनपालटून वापरावा, आणि प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून निदान एक बोट दूर असावी.

मात्र अशी गाठ तीन आठवड्यांत तयार होत नाही, तुमची साखर तर तीन आठवड्यांतच बदलली आहे. म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारेन : या काळात सिरिंजचे नवे पाकीट आणले होते का? आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचे असते आणि त्यासाठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिट ताकदीच्या इन्सुलिनसाठी असते. दुकानात चुकून नारिंगी टोपणाची मिळाली आणि तुम्ही ती नेहमीप्रमाणे १६ च्या रेघेपर्यंत भरली, तर शरीरात प्रत्यक्षात ६.४ युनिटच जातात, आणि सकाळच्या २४ च्या जागी ९.६. उलटी चूक, म्हणजे १०० ताकदीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेणे, अडीचपट डोस देते आणि जिवावर बेतू शकते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे आजच पाहा.

बाटलीबद्दलही थोडे. अकोल्याच्या उन्हाळ्यात ती दुकानातून घरी येईपर्यंत किंवा प्रवासात तापली असेल, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठली असेल, किंवा उघडून चार आठवड्यांहून अधिक काळ झाला असेल, तर इन्सुलिनचा जोर कमी होऊ शकतो; शंका असल्यास नवी बाटली काढावी. मिश्र इन्सुलिन स्थिर ठेवले की त्यातला पांढरा साका तळाशी बसतो, म्हणून ते भरण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये दहा वेळा हलकेच फिरवावी, जोराने हलवू नये.

४१० चा आकडा मी बाजूला ठेवेन. अर्ध्या तासात साखर आपोआप एवढी उतरत नाही. बोटाला लागलेला आमरस मीटरने मोजला असण्याची शक्यताच जास्त. त्या आकड्यावर विसंबून कोणी जादा इन्सुलिन दिले असते, तर ते खरे संकट ठरले असते. तपासण्याआधी हात साबण-पाण्याने धुऊन कोरडे करावेत. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणे पुरेसे नाही.

एवढे सगळे ठीक निघाले, तर दोन-तीन रात्री पहाटे तीनच्या सुमारास साखर तपासून लिहून ठेवा. रात्रीच्या मिश्र इन्सुलिनमधील संथ भागाचा जोर मध्यरात्रीनंतर असतो, त्यामुळे तीन वाजता साखर कमी असेल तर रात्रीचा डोस वाढवणे घातक आहे. तीनला ती ठीक असून सकाळपर्यंत चढत असेल, तर पहाटे वाढणाऱ्या कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचा तो परिणाम असू शकतो; आणि तीनलाही चढलेलीच असेल, तर रात्रीचे जेवण आणि डोस दोन्ही तपासावे लागतील. लघवीचा जंतुसंसर्ग, दातांतला पू, पायाची जखम, किंवा गुडघ्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन यांमुळेही साखर चढते, आणि ही माहिती रुग्ण बहुधा विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

साखर सतत ३०० च्या वर राहून उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, ग्लानी किंवा अतिशय तहान यांपैकी काहीही जाणवले, तर यातले काही तपासत न बसता लगेच रुग्णालय गाठा, आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नका. तसे काही नसेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि जाताना बाटली, सिरिंजचे पाकीट, मीटर आणि पहाटेचे आकडे सोबत न्या.