रॉजर म्हणजे 'हो' नव्हे, रॉजर म्हणजे 'पोच'

प्रश्न असा आलाय की मुलगी फ्लाइंग ट्रेनिंगला कॅडेट आहे, आरटीच्या तासाला (आरटी म्हणजे रेडिओ टेलिफोनी, विमान आणि टॉवर यांच्यातलं बोलणं) तिने टॉवरला नुसतं 'रॉजर' म्हणलं आणि इन्स्ट्रक्टरनी झापलं. रॉजर म्हणजे 'हो, समजलं' असंच ना, मग चुकलं कुठे, आणि याला मराठीत शब्द कोणता?

इन्स्ट्रक्टरचं बरोबर आहे. मी स्वतः काही वर्षं कॅडेट्सना हेच शिकवायचो, आणि दर बॅचला पहिला आठवडा या एका शब्दावर जायचा.

आधी एक, रॉजर हा कुणी माणूस नाही. मोर्समध्ये निरोप मिळाला की 'रिसीव्ह्ड'मधला नुसता आर ठोकायचे. पुढे रेडिओवर तोंडाने बोलणं सुरू झालं, अक्षरं नीट ऐकू यावीत म्हणून त्यांना नावं द्यावी लागली आणि दुसऱ्या महायुद्धात आर चं नाव होतं रॉजर. १९५६ साली आताची अल्फा-ब्राव्हो-चार्लीवाली यादी लागू झाली, त्यात आर चा रोमिओ झाला, पण रॉजर तोवर जिभेवर असा बसला होता की तो काही उठला नाही. म्हणजे अर्थ एवढाच, की तुमचं आत्ताचं बोलणं मला पूर्ण मिळालं. पटलं, करतो, हो, यातलं काहीही त्यात नाही.

आता मराठी. 'ऐकलं' चालेल असं वाटतं, पण आपलं 'ऐकणं' मोठं लबाड आहे. 'आवाज ऐकला' म्हणजे कानावर पडला आणि 'आईचं ऐकलं' म्हणजे तसं वागला. रेडिओवर नेमका हाच घोळ नको असतो. 'बरं' तर त्याहून वाईट, 'बरं' म्हणजे हो, की बघू, की तू बोल मी दुसरंच काहीतरी करतोय, हे समोरासमोर चेहरा बघून कळतं, हेडफोनमधून नाही. माझं मत विचाराल तर नेमका शब्द आपल्याकडे पडूनच आहे, 'पोच'. पत्राची पोच देतात तीच. पोच म्हणजे पाकीट हातात आलं, आतलं पत्र तुम्ही काय वाचलंत हे पोचपावतीवर कधीच नसतं. (त्याला काही पोच नाही, मधली पोच वेगळी, ती इन्स्ट्रक्टर लोक शोधतच असतात.)

आणि झापायचं कारण इथेच आहे. समजा टॉवरने सांगितलं, 'अल्फा ब्राव्हो चार्ली, क्यूएनएच वन झिरो झिरो थ्री', म्हणजे अल्फा ब्राव्हो चार्ली नावाच्या विमानाने अल्टिमीटरमध्ये (उंची दाखवणाऱ्या यंत्रात) हवेचा दाब १००३ लावावा. कॅडेटच्या कानात १०१३ शिरलं, तिने तेच लावलं आणि म्हणाली, रॉजर. खोटं काही बोलली नाही, तिला पूर्ण मिळालंच होतं! फक्त चुकीचं मिळालं होतं. दहा हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं माप) फरकाने विमान अल्टिमीटर दाखवतोय त्यापेक्षा अंदाजे पावणेतीनशे फूट खाली असतं, आणि टॉवरला याचा पत्ता नाही. म्हणून अशा वेळी आकड्यासकट परत म्हणून दाखवायचं, याला रीडबॅक म्हणतात. तिने 'क्यूएनएच वन झिरो वन थ्री, अल्फा ब्राव्हो चार्ली' म्हणलं असतं तर चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. रनवेचा नंबर, होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडेच थांबा), टेकऑफ-लँडिंगची परवानगी, उंची, दिशा, स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखायचा नंबर), हे सगळं रीडबॅकचं, त्याला रॉजर चालत नाही.

मी वर्गात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायचो, एकीवर टॉवर, दुसरीवर विमान. एक पोरगा इतका हुशार, पण 'होल्ड शॉर्ट रनवे टू सेवन' म्हणलं की मायक्रोफोनचं बटण दाबून धरायचा आणि जोरात मान हलवायचा. टॉवरला नुसती खरखर. चार दिवस लागले त्याची मान थांबवायला.

गुळमुळीत पोच किती महागात पडते याचं उदाहरण म्हणजे २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. दाट धुकं, एकाच रनवेवर दोन जम्बो विमानं, एक केएलएम या डच कंपनीचं, दुसरं पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं. केएलएमच्या विमानातून निरोप गेला, 'वी आर नाऊ अॅट टेकऑफ'. टॉवरला वाटलं, टेकऑफच्या जागी उभे आहेत, प्रत्यक्षात ते निघाले होते. टॉवर म्हणाला 'ओके', आणि थोडं थांबून, टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो. पण तेवढ्यात पॅन अॅमवाले त्याच फ्रीक्वेन्सीवर बोलले, दोन्ही आवाज एकमेकांवर चढले, केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं ते 'ओके' आणि पुढे शिट्टी. दोन्ही विमानं रनवेवर धडकली, ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यानंतर भाषा बदलली, 'टेकऑफ' हा शब्द फक्त खरी परवानगी देताना किंवा ती काढून घेताना, एरवी सगळीकडे 'डिपार्चर'.

बाकीचे पटकन सांगतो. विल्को म्हणजे 'विल कम्प्लाय', 'करतो'. मिळाल्याशिवाय करणार कसं, म्हणून सिनेमातलं 'रॉजर विल्को' म्हणजे पोच दोनदा. 'ओव्हर' म्हणजे आता तुम्ही बोला, 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, त्यामुळे 'ओव्हर अँड आउट' म्हणजे बोला आणि बोलू नका. आणि 'हो' म्हणायचं असेल तर रॉजर नाही, 'अफर्म'. अफर्मेटिव्ह पूर्ण म्हणत नाहीत कारण आवाज तुटला तर अफर्मेटिव्ह आणि नेगेटिव्ह यांचं शेपूट एकच ऐकू येतं, आणि तेवढ्यावरून हो की नाही कोण ठरवणार.

रीडबॅकला मात्र मला अजून मनासारखा मराठी शब्द मिळालेला नाही. 'परवचा' सुचला होता, पण परवच्यात आपणच आपलं म्हणत सुटतो, समोरचा तपासतोय हे त्यात येत नाही. सध्या मी 'म्हणून दाखव' असंच म्हणतो.