शेतातलं स्फुरद ओढ्यात जातंय का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: करवीर तालुक्यात ओढ्याकाठी दीड एकर ऊस आहे, माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) 'जास्त' आलंय, तर आपलंच खत पंचगंगेत जाऊन केंदाळ, म्हणजे जलपर्णी, वाढवतंय का?

माती परीक्षणाच्या नुसत्या दाखल्यावरून हे कळत नाही. रानात स्फुरद किती आहे आणि त्याला बाहेर पडायला वाट आहे का, असे दोन प्रश्न आहेत, आणि त्यांचा गुणाकार करायचा असतो. कुठल्या रानातनं स्फुरद वाहून जायचा धोका किती, हे ठरवणारी स्फुरद निर्देशांकाची पद्धत अमेरिकेत १९९३ साली मांडली गेली तेव्हा ती बेरजेची होती. पुढं बऱ्याच ठिकाणी गुणाकार आला, कारण वाटच नसेल तर साठा कितीही असू दे, ओढ्याला त्याचा त्रास नाही.

आमच्या दोन तुकड्यांचं सांगतो. घराजवळच्या तुकड्यात वर्षानुवर्षं शेणखत आणि प्रेसमड (साखर कारखान्याची मळी) पडलंय, स्फुरद भरपूर. पण रान सपाट आणि चारी बाजूंनी बांध धड. ओढ्याकडच्या तुकड्यात स्फुरद मध्यम, पण सऱ्या उताराला काढलेल्या आणि खालच्या कोपऱ्यात बांध खचलेला. एका जून महिन्यात छत्री घेऊन त्या कोपऱ्यात उभा राहिलो. दुधाच्या चहासारखं पाणी ओघळीतनं ओढ्याला लागलं होतं. लिटरची बाटली भरून आणली, रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी तळाला बोटभर गाळ! मला काळजी त्या तुकड्याची आहे, घराजवळच्या नव्हे.

गाळाचं एवढं का? नत्रासारखं स्फुरद पाण्यात विरघळून सहज निघून जात नाही. काळ्या रानात ते चुन्याला चिकटतं, गगनबावडा-शाहूवाडीकडच्या तांबड्या मातीत लोह-ॲल्युमिनियमला. म्हणून माती वाहिली की तिच्याबरोबर जातं, आणि बारीक कणांवर जास्त असतं. पण खत वरच फेकलेलं असेल आणि लगेच पाऊस झाला, तर माती न हलताही विरघळून जातं. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतील किंवा शिरोळकडं क्षारपड रानात घालतात तसे निचऱ्याचे पाइप असतील, तर खालूनही वाट मिळते. तुमच्याकडं पाइप असेल तर त्याच्या तोंडाचं पाणीही एकदा बघा.

आता हिशोब. डीएपी या खताच्या ५० किलोच्या पोत्यात ४६ टक्के म्हणजे २३ किलो स्फुरद लिहिलेलं असतं. ते ऑक्साइडच्या रूपातलं. शुद्ध फॉस्फरस साधारण १० किलो. त्यातला शंभरावा हिस्सा, १०० ग्रॅम, ओढ्यात गेला असं धरू. साचलेल्या पाण्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला तरी शेवाळ जोर धरू शकतं. म्हणजे ते शंभर ग्रॅम ३३ लाख लिटर पाण्याला पुरतात. शेतकऱ्याला शंभर ग्रॅमचा तोटा कळतही नाही, बंधाऱ्यामागं तुंबलेल्या पाण्याला मात्र कळतो.

आपल्याकडची खरी अडचण वेळेची आहे. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात, म्हणजे ऐन पावसात, आणि हेक्टरी १७० किलो स्फुरदाची शिफारस. एकरी ती जवळपास तीन पोती डीएपीएवढी होते. निम्मं लागणीला, निम्मं भरणीला, म्हणजे उसाला माती लावताना. हे सरीच्या तळात मातीआड गेलं तर ठीक. वर पसरून 'पाऊसच मुरवंल' म्हणून सोडलं तर मुरवंल का नेईल, ते पावसावर! तुमच्या दाखल्यात जास्तच आलंय, तर शिफारशीतलं स्फुरद कमी करायला जागा आहे. पोत्याचे पैसेही वाचतील. खालच्या कोपऱ्यातला बांध खचला असेल तर तो आधी धरा, ओढ्याकडं पाच-सहा हातांचा गवताचा पट्टा राखा. खोडव्याचं पाचट (तोडणीनंतरचा वाळका पाला) पेटवू नका, सरीत पसरा. थेंबांचा मार त्यावर बसतो.

सगळं पाप शेतकऱ्याच्या माथी मारायलाही माझी तयारी नाही. मार्च-एप्रिलमध्ये नदी आटलेली असते, रानातनं पाणी वाहत नाही, तेव्हाचं ताजं स्फुरद जास्त करून गावांच्या-शहरांच्या सांडपाण्यातलं. पावसाळ्यातलं रानाचं. पण पावसाळ्यात बंधाऱ्यामागं बसलेला गाळ उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की धरलेलं स्फुरद सोडतो, त्यामुळं दोन्ही हिशोब एकमेकांत गुंततात.

दाखला परत काढून एक बघा: स्फुरद ओल्सेन पद्धतीनं मोजलंय की ब्रे? काळ्या, विम्ल (अल्कधर्मी) मातीला ओल्सेन लागते, आम्ल तांबड्या मातीला ब्रे. पद्धत चुकली असेल तर तो 'जास्त' शब्द धरून बसू नका, नमुना परत द्या. आणि तो खालच्या कोपऱ्यातला वेगळा घ्या, सगळ्या रानाचा एकत्र कालवून नको.