आधी पडलेला पत्ता मागे का राहतो?

प्रश्न : 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळताना मी माझ्या २/२ (मारण्याची ताकद २, सोसण्याची ताकद २) प्राण्यावर दोन्ही आकडे तात्पुरते ३ ने वाढवणारा 'जायंट ग्रोथ' हा पत्ता टाकला, त्यावर लगेच धाकट्या भावाने त्याच प्राण्यावर 'लायटनिंग बोल्ट' टाकला. प्राणी मेला, असे त्याचे म्हणणे. माझा पत्ता आधी पडलेला असताना प्राणी का मरावा?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : भावाचे म्हणणे बरोबर आहे. १९९९ पासून या खेळात असे पत्ते एकावर एक रचले जातात आणि शेवटी पडलेल्या पत्त्याचा परिणाम सर्वांत आधी होतो; त्यामुळे बोल्टच्या ३ गुणांच्या माराने प्राणी आधी मेला आणि लक्ष्यच न उरल्याने तुमचा पत्ता वाया गेला. इतका चांगला पत्ता घाईत गेला, याचे वाईट वाटते. बोल्ट पडेपर्यंत थांबून त्याला उत्तर म्हणून ग्रोथ टाकला असता, तर प्राणी आधी ५/५ झाला असता आणि तोच मार सोसून उभा राहिला असता.