आयर्लंडवर गंभीर वाचायचंय? मग पुस्तकं जोडीने घ्या

मॅग्डलीन लाँड्र्यांवरची, म्हणजे 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना कोंडून राबवणाऱ्या जोगिणींच्या धुलाईघरांवरची, एक आयरिश कादंबरिका वाचून तुमचं कुतूहल चाळवलं. आता त्या देशाचा इतिहास, साहित्य आणि समाज यांवर अभ्यासकांनी लिहिलेलं वाचायचंय, तर सुरुवात कुठून करू आणि त्यातल्या त्यात निःपक्ष पुस्तक कोणतं, असं तुम्ही विचारलंय. माझ्याआधी उत्तर दिलेल्या दोघांनी इतिहासकार रॉय फॉस्टरचं 'मॉडर्न आयर्लंड' सुचवलंय. पुस्तक पहिल्या प्रतीचं आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून मी ते कुणाच्या हातात देणार नाही. १६०० ते १९७२ एवढा पल्ला, आणि घटना वाचकाला ठाऊक आहेत असं धरून फॉस्टर त्यांवर शेरे मारत जातो. ते शेरे कुणाला उद्देशून आहेत हे कळेपर्यंत निम्मी गंमत हुकलेली असते. आधी सेनिया पाशेटाचं 'मॉडर्न आयर्लंड' वाचा, ऑक्सफर्डच्या 'व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन' मालिकेतलं. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

निःपक्षाचा शोध मात्र सोडून द्या. आयरिश इतिहासलेखन भांडणावरच पोसलंय. १९३८ साली मूडी आणि डडली एडवर्ड्स या दोघा इतिहासकारांनी 'आयरिश हिस्टॉरिकल स्टडीज' हे नियतकालिक काढलं. भूमिका अशी, की देशभक्तीच्या आख्यायिका बाजूला ठेवायच्या आणि कागदपत्रं सांगतील तेवढंच लिहायचं. या परंपरेला पुढे 'रिव्हिजनिस्ट', म्हणजे इतिहासाची फेरमांडणी करणारी, हे बिरुद चिकटलं. १९८९ मध्ये इतिहासकार ब्रेंडन ब्रॅडशॉ यांनी त्याच नियतकालिकात लेख लिहून हल्ला चढवला: या शास्त्रशुद्धतेपायी तुम्ही इतिहासातली यातनाच गाळून टाकलीत. '१८५७ ला काय म्हणायचं' यावर वाढलेल्या आपल्या वाचकाला हा सूर अनोळखी वाटू नये. म्हणून माझा सल्ला एवढाच, की एका विषयावर एकमेकांशी न पटणारी दोन पुस्तकं घ्या आणि पाठोपाठ वाचा.

सुरुवात दुष्काळापासून करा. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, १८४६ ला पीक जवळपास पूर्ण गेलं. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख माणसं होती, १८५१ च्या जनगणनेत साडेपासष्ट लाख. साधारण दहा लाख मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. यावर अभ्यासकांचा ग्रंथ निघावा असं आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या सरकारने १९४० च्या दशकात मनावर घेतलं, पैसे दिले, आणि एडवर्ड्स व विल्यम्स यांनी संपादित केलेला 'द ग्रेट फॅमिन' उगवला १९५६ मध्ये. प्रशासन, वैद्यक, स्थलांतर असे सुटे सुटे प्रबंध, भाषा थंडगार, आणि किती माणसं मेली या प्रश्नाला जवळजवळ बगल. मग १९६२ मध्ये सेसिल वुडहॅम-स्मिथ या विद्यापीठाबाहेरच्या बाईंनी 'द ग्रेट हंगर' लिहिलं. पत्रव्यवहार उपसून, प्रसंग उभे करून, लंडनच्या कोषागारातल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून. पुस्तक धडाधड खपलं. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इतिहासाच्या परीक्षेत प्रश्न आला: "'द ग्रेट हंगर' ही एक थोर कादंबरी आहे. चर्चा करा." प्राध्यापकांच्या पोटातलं दुखणं याहून नेमकं कुठे सापडणार नाही.

ही जोडी झाली की कॉर्मक ओ ग्राडाचं 'ब्लॅक फॉर्टीसेव्हन अँड बियाँड' (१९९९) घ्या. माणूस अर्थशास्त्रज्ञ आहे, पण लोकगीतं आणि आठवणीही पुरावा म्हणून तपासतो. 'लोक उपाशी मरत असताना धान्य भरभरून बाहेर गेलं' हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचाल. आकडे असं दाखवतात, की १८४७ सालात बाहेर गेलं त्याहून पुष्कळ जास्त धान्य देशात आलं. पण ते आलं उशिरा. १८४६ च्या अखेरीपासूनचे काही महिने देशातलं धान्य जात होतं आणि बाहेरचं पोचलेलं नव्हतं, आणि नेमकी त्याच काळात सार्वजनिक कामांवर मिळणारी मजुरी पोट भरायला पुरत नव्हती. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून रोज तीस लाखांवर माणसं जेवत होती, म्हणजे यंत्रणा उभी करणं जमत होतं. ती बंद का केली, हा खरा प्रश्न. त्यावर क्रिस्टीन किनीलीचं 'धिस ग्रेट कॅलॅमिटी' (१९९४) जास्त कठोर आहे, आणि माझं मत तिच्या बाजूला झुकतं.

ट्रेव्हेलियन आपल्याला परका नाही. उमेदीची वर्षं त्याने कंपनीच्या नोकरीत भारतात काढली होती, दुष्काळातल्या कामाबद्दल १८४८ मध्ये 'सर' झाला आणि १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून परत आला. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरच्या मजुरांचं धान्य रोज एका पौंडापर्यंत खाली आणलं, तेव्हाच्या सरकारी टिपणांतले युक्तिवाद वाचताना आपण १८४७ मध्येच आहोत असं वाटतं. भारत-आयर्लंड हाच धागा धरायचा असेल तर १९१९ नंतरच्या काळासाठी केट ओमॅलीचं 'आयर्लंड, इंडिया अँड एम्पायर' घ्या, एकोणिसाव्या शतकासाठी एस. बी. कुकचं 'इम्पीरियल ॲफिनिटीज'. टिळकांच्या होमरूल लीगचं नाव आयर्लंडहून आलं आणि बेळगावातली तिची स्थापना व डब्लिनचा इंग्रजांविरुद्धचा ईस्टर उठाव दोन्ही एप्रिल १९१६ मधले, एवढ्यावर आपण सहसा थांबतो. या दोन पुस्तकांत त्याच्या पुढचं आणि मागचं आहे.

आयरिश स्वातंत्र्ययुद्धावर पीटर हार्टचं 'द आयआरए अँड इट्स एनिमीज' (१९९८; आयआरए म्हणजे इंग्रजांशी लढणारी आयरिश गनिमी सेना) आणि त्याला उत्तर म्हणून मेडा रायनने लिहिलेलं टॉम बॅरीचं चरित्र. बॅरीच्या तुकडीने कॉर्क परगण्यात किलमायकलला केलेल्या हल्ल्यात इंग्रजांनी शरणागतीचं सोंग केलं की नाही, यावर ही मंडळी वर्षानुवर्षं भांडली. हार्टने मुलाखती निनावी ठेवल्या, तिथेच तो अडकला. मूळ कागद हवे असतील तर 'ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी' या सरकारी कार्यालयाने त्या लढ्यातल्या लोकांच्या नोंदवलेल्या १,७७३ साक्षी नेटवर फुकट आहेत. १९४७ ते १९५७ मध्ये घेतल्या, २००३ पर्यंत कुलूपबंद ठेवल्या. एखाद्या गावाचं नाव टाकून वाचत बसलात तर रात्र जाते.

साहित्यासाठी डेक्लन कायबर्डचं 'इन्व्हेंटिंग आयर्लंड' (१९९५). येट्स, सिंग, जॉइस यांना तो वसाहतीतून सुटू पाहणाऱ्या देशाचे लेखक म्हणून वाचतो, वसाहतवादाचा टीकाकार फ्रांट्झ फॅनन हाताशी ठेवून. शॉ आपल्याला 'ती फुलराणी'मुळे घरचा वाटतो. इथे तो आयरिश म्हणून भेटेल. कायबर्डची शैली इतकी मोहक, की शंका घ्यायचं विसरायला होतं. म्हणून त्यावर उतारा स्टीफन हाउचं 'आयर्लंड अँड एम्पायर' (२०००). आयर्लंडला सरसकट 'वसाहत' म्हणणं कुठे लंगडं पडतं ते तो दाखवतो. थोडं रुक्ष, पण खणखणीत. 'फील्ड डे अँथॉलॉजी' या आयरिश लेखनाच्या संकलनाचे खंड विकत घ्यायच्या फंदात पडू नका. १९९१ च्या तीन खंडांत लेखिकांना एवढी कमी जागा मिळाली, की ओरड झाली आणि २००२ मध्ये केवळ स्त्रियांच्या लेखनाचे आणखी दोन काढावे लागले. ग्रंथालयात मिळाले तर चाळा.

तुमच्या मूळ कुतूहलाकडे येतो. मॅग्डलीन लाँड्र्यांवर जेम्स स्मिथ (२००७) वाचाच. सरकारने २०१३ मध्ये माफी मागितली त्याच्या आधीचं पुस्तक आहे आणि शासन, चर्च, कुटुंब या तिघांचा हात कसा होता ते त्यात कळतं. चर्चची पकड बसली कशी, हे टॉम इंग्लिसच्या 'मॉरल मोनॉपली'त. खेड्यांवरची जोडी तर फारच रंगतदार. हार्वर्डच्या ॲरन्सबर्ग आणि किंबॉल या मानववंशशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात क्लेअर परगण्यात राहून सुखी, घट्ट विणीचं शेतकरी कुटुंब रंगवलं. त्याच विद्येतल्या नॅन्सी शेपर-ह्यूजने १९७० च्या दशकात केरी परगण्यातल्या खेड्यात पाहिले ते एकटे पडलेले, लग्न न झालेले शेतकरी आणि मनोरुग्णालयाच्या वाऱ्या. पुस्तकात गावाचं नाव बदललं तरी गावाने स्वतःला ओळखलं आणि ते दुखावलं. पुढे ती परत गेली तेव्हा तिला निघून जायला सांगितलं. नव्या आवृत्तीत तिने हे लिहिलंय, तीच आवृत्ती घ्या.

जो लीचं 'आयर्लंड १९१२-१९८५' याच्या नंतर. देश मागे का राहिला, याची तो १९८९ मध्ये चिडून झाडाझडती घेतो, आणि थोड्याच वर्षांत तिथे भरभराट सुरू होते! तरीही त्याची फिनलंड-डेन्मार्कशी केलेली तुलना आजही वाचण्यासारखी आहे.

किमतींबद्दल: विद्यापीठ प्रकाशनांच्या नव्या प्रती खिशाला परवडत नाहीत, जुन्या पेपरबॅक आवृत्त्या बघा. 'डिक्शनरी ऑफ आयरिश बायोग्राफी' २०२१ पासून नेटवर मोफत आहे, १९०१ आणि १९११ ची जनगणना घराघरांच्या तक्त्यांसकट मोफत आहे, आणि जेस्टोर या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर नुसतं खातं उघडलं तरी महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. ब्रॅडशॉचा तो लेख तिथेच शोधा.

उत्तर आयर्लंड मी मुद्दाम बाजूला ठेवलंय, तो स्वतंत्र विषय आहे. एकच नाव देतो: 'लॉस्ट लाइव्ह्ज' (१९९९). तिथल्या संघर्षात मेलेल्या ३,६०० हून अधिक माणसांची प्रत्येकाची नोंद, मरणाच्या क्रमाने. छपाई बंद आहे आणि जुन्या प्रतीही भलत्या महाग जातात. तोवर अल्स्टर विद्यापीठाच्या 'केन' या संकेतस्थळावरची मृतांची यादी आणि घटनाक्रम वापरा.