फुफ्फुसातील चमकणारी गाठ

प्रश्न : माझ्या वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात २ सेंटिमीटरची घन गाठ दिसली असून पेट स्कॅनमध्ये ती ‘चमकते’ असे अहवालात म्हटले आहे. हा कर्करोगच समजायचा का?

उत्तर : केवळ एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज ज्या पेशी अधिक शोषून घेतात त्या ठळक दिसतात, आणि हे काम कर्करोगाच्या पेशींप्रमाणेच दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशीही करतात. त्यामुळे क्षयाची गाठ, बुरशीचा संसर्ग किंवा सार्कॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होण्याचा आजार) यांची प्रतिमा कर्करोगासारखीच दिसू शकते. हॅमार्टोमा या निरुपद्रवी गाठीत मात्र चरबी किंवा मक्याच्या लाहीसारखे कॅल्शियमचे साठे आढळले, तर बहुधा सीटीवरूनच निदान होते.

वडिलांचे जुने एक्स-रे किंवा स्कॅन अवश्य शोधा. घन गाठ २ वर्षांत मुळीच वाढली नसेल, तर ती निरुपद्रवी असण्याची शक्यता बरीच जास्त असते. कपाटात पडून राहिलेली जुनी फिल्म कित्येकदा नव्या महागड्या तपासणीहून अधिक सांगून जाते, असे माझे मत आहे. अशी तुलना शक्य नसेल तर थांबून राहू नये. बायोप्सी करून घ्यावी आणि काढलेल्या तुकड्याचा काही भाग क्षयाच्या जंतूंच्या कल्चरसाठीही (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) पाठवावा, असे डॉक्टरांना आधीच सुचवावे, कारण संपूर्ण तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या, पण जंतू मारणाऱ्या द्रवात) गेल्यास कल्चर करता येत नाही.