शाळेत संशोधन करताना: संमती आणि मोबदला

शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र आलं म्हणजे मुलं मिळाली, असं समजू नकोस. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर हवीच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी आणि १२ ते १८ वयाच्यांचा लेखी होकार लागतो. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर-कागलकडं उसाच्या गळीत हंगामात पालक दिवसभर रानात असतात. त्यांना संध्याकाळी दूध डेअरीवर गाठ आणि संमतीचा फॉर्म वाचून दाखव. नुसता दप्तरातून धाडू नकोस.

मोबदल्याबाबत मी ठाम आहे. मुलांच्या हातात रोख पैसे नकोत. वह्या द्यायच्या तर अख्ख्या वर्गाला, नकार देणाऱ्यालाही. नाहीतर ते आमिष ठरतं. पालकांना मुलाखतीला बोलावलंस तर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोजगार दे. आणि हो, "कोण भाग घेणार?" हे वर्गशिक्षकांना विचारायला लावू नकोस. गुरुजींसमोर कुठलं पोर नाही म्हणेल?